वृत्त की हिशेब?

आमदाराने दरमहा मतदारांपुढे कार्यवृत्त ठेवावे, ही अपेक्षा स्तुत्यच. या परंपरेचे मूळ घरातच आहे. १९५७ साली मावळमधून जनसंघातर्फे विधानसभेत गेलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांना सादर करीत. आज पत्रके उदंड निघतात; त्यांत छायाचित्रे अधिक, हिशेब कमी!

वाशीम-पुसद मार्गावरील अनसिंग हे शृंगऋषींच्या नावाशी जोडलेले गाव. येथील सोयाबीन-तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भूमिपूजनाचे वर्णन नको आहे. आमदारांचा स्थानिक विकास निधी २०२२ साली वार्षिक ५ कोटी रुपये करण्यात आला. आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. तेव्हा कोणते काम सुचवले, कोणते मंजूर झाले, कोणते अडले आणि कुठे, हे अनसिंगकरांना महिन्याच्या महिन्याला कळले पाहिजे. पीकविम्याचा प्रश्न सभागृहात मांडला असेल, तर मंत्र्यांचे उत्तरही त्यासोबत छापावे.

वाशीम मतदारसंघाने २००९पासून सलग चार निवडणुकांत भाजपचाच आमदार निवडून दिला. मुंबईत सरकारे बदलली, येथील प्रतिनिधी आपलाच राहिला. त्यामुळे ‘आपल्याच माणसाला कसे विचारायचे?’ हा कार्यकर्त्याचा संकोच समजण्याजोगा आहे, समर्थनीय मात्र नाही. ज्याच्यासाठी आपण घरोघरी मते मागितली, त्याच्या कामाबद्दल शेजारी आपल्यालाच विचारणार. मासिक पत्रकात ‘न झालेली कामे’ असा रकाना असावा, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे आणि पहिला प्रश्न कार्यकर्त्यानेच विचारावा.