प्रेमापोटी येणारा कोच

"अरे, त्याला कसले पैसे द्यायचे? तो प्रेमापोटी येतो!"

पुण्यातल्या कॉलेजांच्या ग्राउंडवर थोडे दिवस काढलेल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. यातला 'तो' म्हणजे कॉलेजचा माजी खेळाडू. चार वर्षं कॉलेजकडून बास्केटबॉल खेळला, पास झाला, हिंजवडीत नाहीतर खराडीत चिकटला आणि आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सुटल्यावर (सुटलं तर!) ट्रॅफिकमधून बाईक काढत पोरांची प्रॅक्टिस घ्यायला येतो. कॉलेज वार्षिक अहवालात 'माजी विद्यार्थ्यांचे मोलाचे सहकार्य' अशी एक ओळ छापतं, गॅदरिंगला शाल-श्रीफळ देतं आणि विषय संपतो.

माझं म्हणणं अगदी सरळ आहे. जो माणूस टीम घडवतो तो टीमच्या स्टाफचा माणूस आहे. त्याला नेमणुकीचं पत्र द्या, पैसे द्या आणि मॅचच्या दिवशी बेंचवर खुर्ची द्या. हे जमत नसेल तर त्याला बोलावू नका. प्रेमाच्या नावाखाली फुकट राबवून घ्यायला वेठबिगारी म्हणतात. शब्द जड वाटत असेल तर 'अनपेड ओव्हरटाइम' म्हणा, आपल्या फील्डमध्ये तो सगळ्यांना लगेच कळतो :)

बेंचवरची खुर्ची ही काही मानापमानाची गोष्ट नाही. आमच्या कॉलेजचंच उदाहरण देतो. (नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या कॉलेजचं नाव घालून बघा, गोष्ट बहुतेक तशीच राहील.) आमचा एक सिनियर आम्हाला शिकवायला यायचा. झोन डिफेन्समध्ये कुणी कुठे सरकायचं, पिक अँड रोल कसा करायचा, कुणाचा डावा हात कच्चा आहे, सगळं त्याच्या डोक्यात. पण तो कॉलेजच्या कागदावर कुठेच नव्हता. त्यामुळे मॅचच्या दिवशी टीमशीटवर कोच म्हणून नाव एका प्राध्यापकांचं. सर अत्यंत सज्जन, अप्लाइड मेकॅनिक्स झकास शिकवायचे. बास्केटबॉलशी त्यांचा संबंध एवढाच की त्या वर्षी स्पोर्ट्सची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली होती.

आता नियम बघा. बास्केटबॉलमध्ये टाइमआउट मागायचा हक्क फक्त हेड कोचला नाहीतर फर्स्ट असिस्टंट कोचला असतो. कोर्टवरच्या खेळाडूला तो नसतो, जाळीमागे उभ्या असलेल्या माणसाला तर नसतोच नसतो. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइमआउट मिळतात. त्या मॅचला चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांनी सलग ९ पॉइंट काढले. आमचा सिनियर जाळीमागून जिवाच्या आकांताने ओरडतोय, "सर, टाइमआउट!" सर मागे वळून विचारतात, "आत्ता घ्यायचा का?" एवढ्यात आणखी एक बास्केट. मॅच संपली तेव्हा आमचे तीनातले दोन टाइमआउट तसेच पडून होते.

सरांचा यात काडीचाही दोष नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिला खेळ येणारा माणूस जाळीमागे चालतो आणि बेंचवर फक्त मस्टरवर सही करणारा लागतो.

पुढचं तर ओळखीचंच आहे. त्या सिनियरचं ऑनसाइट लागलं आणि तो गेला. जाणारच, त्यात राग कसला? पण आपल्याकडे साधा एक माणूस प्रोजेक्ट सोडतो तेव्हा दोन आठवडे केटी चालतं. (इंजिनियरिंगला असताना केटी म्हणजे वेगळंच काहीतरी होतं, त्या जखमेवर नको बोलायला.) इथे केटी नाही, रिप्लेसमेंट नाही, काही नाही. कॉलेजच्या टीमचं दुखणं असं की दरवर्षी फायनल इयरचे चार-पाच जण एकदम बाहेर पडतात. वर्षानुवर्षं टिकणारी एकच गोष्ट म्हणजे कोच, आणि नेमका तोच 'जमेल तेव्हा' येणारा. दोन वर्षांत आमची टीम झोनलच्या पहिल्या राउंडला बाहेर पडायला लागली.

यावर कॉलेजवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "नियमात बसत नाही हो." म्हणून मी नियम वाचले. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकाची (आपण ज्यांना फिजिकल डायरेक्टर म्हणतो) पात्रता दिली आहे. शारीरिक शिक्षणात किमान ५५ टक्क्यांनी मास्टर्स, वर नेट किंवा सेट, खेळाडू म्हणून प्रतिनिधित्व केल्याचा पुरावा आणि एक फिटनेस टेस्ट. तिशीपर्यंतच्या पुरुषांनी १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापायचं. दुसरा एक रस्ता आहे, एशियन गेम्स किंवा कॉमनवेल्थ गेम्सचं मेडल आणि सोबत पोस्ट ग्रॅज्युएशन.

म्हणजे एकीकडे नेट-सेटवाला आणि दुसरीकडे एशियाडचा मेडलिस्ट. युनिव्हर्सिटी खेळलेला बी.ई. झालेला पोरगा या दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात. ठीक आहे, संचालकाची जागा कायमची आहे, प्रशासनाची आहे, तिला कडक पात्रता असू दे. पण मी संचालकपद मागतच नाहीये. एका खेळाचा, एका मोसमाचा, करारावरचा कोच मागतोय. तो नेमू नका असं या पात्रतेच्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही. वर्गात शिकवायला तासिका तत्त्वावर माणसं घेताना कुणाचे हात थरथरत नाहीत. २०२२ मध्ये यूजीसीने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलं, म्हणजे १५ वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ पीएच.डी. नसतानाही शिकवू शकतो. अनुभवाला किंमत आहे हे तत्त्व तर मान्य झालं. मग ते वर्गाच्या दारातच का अडतं?

माजी खेळाडूला रीतसर परत आणलं की काय होतं, याची उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. चंदू पंडित मूळचा मुंबईचा, पण उत्तरार्धात मध्य प्रदेशकडून खेळला. १९९८-९९ च्या रणजी फायनलला तो मध्य प्रदेशचा कॅप्टन होता. बंगलोरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर पहिल्या डावात आघाडी घेऊनही त्याची टीम कर्नाटककडून हरली. २०२० मध्ये मध्य प्रदेशने त्यालाच कोच म्हणून बोलावलं. २०२२ च्या जूनमध्ये, त्याच मैदानावर, मुंबईला हरवून मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली. आणि त्या मॅचला मुंबईच्या बाजूला कोच कोण होता? अमोल मुजुमदार, २००६-०७ ला मुंबईला रणजी जिंकून देणारा कॅप्टन. दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये परत आलेले कॅप्टन! मुजुमदारला भारताकडून खेळायला कधीच मिळालं नाही. २०२३ मध्ये तो महिला संघाचा कोच झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. लांब कशाला, आपले सुरेंद्र भावे. आयुष्यभर महाराष्ट्राकडून खेळले आणि ते कोच असताना २०१३-१४ ला महाराष्ट्र रणजीच्या फायनलला गेला.

यातला पंडित कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध आहे. कडक वागायला अधिकार लागतो. फुकट येणारा आमचा सिनियर ट्रस्टींच्या ओळखीतल्या पोराला बेंचवर बसवू शकला असता का? विचारून बघा.

"क्रिकेटमध्ये पैसा आहे, बास्केटबॉलमध्ये कुठे?" हा पुढचा प्रश्न. तर बास्केटबॉलचीच गोष्ट सांगतो, आणि तीही कॉलेजचीच. हा खेळ १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथने शोधला. पुढे तो कॅन्सस युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथल्या टीमचा पहिला कोच झाला. गंमत म्हणजे खेळ शोधणाऱ्या माणसाच्या कोचिंगखाली टीम ५५ मॅच जिंकली आणि ६० हरली! त्याच्याच हाताखाली खेळलेला फॉग ॲलन नंतर कॅन्ससचा कोच झाला. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं नेस्मिथने त्याला सांगितल्याची आख्यायिका आहे. ॲलनने ऐकलं नाही. कॅन्ससला त्याने ५९० मॅच जिंकून दिल्या आणि त्याच्या हाताखाली खेळलेली पोरं पुढे स्वतः मोठे कोच झाली.

तिकडे आज याची रीतसर शिडी आहे. ड्यूक युनिव्हर्सिटीचा जॉन शायर २०१० ला चॅम्पियन टीमचा कॅप्टन होता. २०१३ मध्ये तो स्टाफवर खालच्या पायरीला लागला, पुढच्या वर्षी असिस्टंट कोच झाला आणि २०२२ मध्ये हेड कोच. नऊ वर्षं काम शिकत, पगार घेत वर चढला. कुणी त्याला 'प्रेमापोटी' नऊ वर्षं चकरा मारायला लावल्या नाहीत.

आता आक्षेप. चांगला खेळाडू चांगला कोच असतोच असं नाही. शंभर टक्के मान्य. जॉर्जटाउनचा पॅट्रिक युइंग बघा. खेळाडू म्हणून दंतकथा, १९८४ ला कॉलेजला चॅम्पियन केलं. २०१७ ला कोच म्हणून परत आला, २०२१-२२ च्या मोसमात लीगमधल्या १९ च्या १९ मॅच हरला आणि २०२३ ला त्याला काढून टाकलं. पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. पगारी माणसाला काढता येतं! फुकट येणाऱ्याला कसं काढणार? तो चुकीचं शिकवत असला, पोरांना शिव्या देत असला तरी सगळे गप्प, कारण बिचारा 'प्रेमापोटी' येतो. करार असला की अपेक्षा लिहून ठेवता येतात. पतियाळाच्या एनआयएसचा कोचिंगचा कोर्स कर म्हणून सांगता येतं.

दुसरा आक्षेप खास पुणेरी. "ढोलपथकात कुणी पगार घेतं का? पुरुषोत्तमला माजी विद्यार्थी फुकटच राबतात ना?" राबतात, आणि मनापासून राबतात. पण पथकाचा सराव गणपतीच्या आधी दोनेक महिने असतो आणि पथक वादकांचं स्वतःचं असतं. कॉलेज ही फी घेणारी संस्था आहे. पावतीवर जिमखाना फी वसूल करायची, टीम जिंकली की ॲडमिशनच्या ब्रोशरमध्ये फोटो छापायचा आणि शिकवणाऱ्याला मात्र सेवाभाव शिकवायचा, ही दोन मापं कशाला?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर कुणी बोलत नाही. फुकट काम कोण करू शकतं? ज्याची नोकरी बरी आहे, ज्याच्याकडे बाईक आहे आणि ज्याला रात्री नऊला घरी गेल्यावर आयतं ताट मिळतं तो. थोडक्यात, माझ्यासारखा. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या टीममधून माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या खेळणाऱ्या पोरी बाहेर पडल्या. त्यातली एकही परत शिकवायला आली नाही. एकीने मला स्पष्ट सांगितलं, "पगाराची नोकरी असती तर घरी सांगता आलं असतं. 'फुकट बास्केटबॉल शिकवायला जाते' हे सासरी कसं सांगू?" पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली. तिच्याकडे बघून कोर्टवर येणाऱ्या मुलींना शिकवायला एखादी ताई असू नये? आणि हातात पैसा नसलेला, डिप्लोमा करून शॉप फ्लोअरवर शिफ्ट करणारा खेळाडू? तोही बाद. फुकटच्या चाळणीतून गुणवत्ता गाळली जात नाही, परिस्थिती गाळली जाते.

मग पैसे किती लागतील? आपण इंजिनियर, आकडा मांडू. गेट देऊन एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याला एआयसीटीई महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड देते, आणि त्याबदल्यात त्याने आठवड्याला ८ ते १० तास कॉलेजचं शिकवण्याचं वगैरे काम करणं अपेक्षित असतं. संध्याकाळची तीन दिवसांची प्रॅक्टिस साधारण एवढ्याच तासांची होते. तोच दर धरा. १० महिन्यांचे १,२४,००० रुपये. कॉलेजात २,००० पोरं असतील तर माणशी वर्षाला ६२ रुपये. मुलींच्या टीमला वेगळी कोच घेतली तर १२४. एका बऱ्या मिसळीचे पैसे! 'बजेट नाही' असं यापुढे कुणी म्हणालं तर त्याला हा हिशोब दाखवा.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात मलाच विचारणा झाली. "टीम पार बसलीये, तू येऊन बघ ना." मी आनंदाने हो म्हटलं आणि तीन अटींची मेल पाठवली. एका मोसमाचं नेमणुकीचं पत्र, टीमशीटवर कोच म्हणून नाव आणि मुलींच्या टीमसाठी एका माजी खेळाडूची त्याच मानधनावर नेमणूक. उत्तर आलं, "पैशांचं नंतर बघू, आधी ये तर खरं."

मी गेलेलो नाही. पत्र आलं तर पुढच्या सोमवारी शूज घालून हजर असेन. मी नाही म्हटल्यावर माझ्यानंतरच्या बॅचच्या कुणालातरी फोन जाईल हेही मला माहीत आहे. तोही बहुतेक 'हो' म्हणेल, कारण त्या कोर्टवर आपला सगळ्यांचा जीव आहे आणि कॉलेजलाही ते पक्कं ठाऊक आहे. त्याला एवढंच सांगणं, बाबा, जरूर जा. पण आधी पत्र माग.