प्लायवूडची परीक्षा पात्यापाशीच व्हावी

घरात नवे कपाट करायचे ठरले की ग्राहक सनमायकाचा रंग निवडतो आणि सुतार प्लायवूडची जाडी व आयएसआयचा शिक्का बघतो. पुढे दोन-तीन पावसाळ्यांत दारावर फुगवटा आला, पॉलिशखाली केसासारख्या रेघा उमटल्या, की बोल सुताराला लागतो. पण बिघाडाची सुरुवात अनेकदा खूप आधी, ओंडक्यावरून विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, सोलला जातानाच झालेली असते.

ओंडका फिरवत त्याला लांब पाते भिडवले की लाकडाचा सलग पापुद्रा सुटत जातो. प्लायवूडच्या आतल्या थरांसाठी तो साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाड काढतात. शोभेचा सागवानी विनियर मात्र ओंडक्याचे चौकोनी ठोकळे करून कापला जातो आणि तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पात्यावरून वळताना पापुद्र्याची पात्याकडची बाजू ताणली जाते आणि तिच्यावर बारीक चिरा पडतात. सोललेला तुकडा हातात घेऊन वाकवला की हे लगेच कळते. चिरा असलेली बाजू बाहेर ठेवली तर तो सहज वाकतो, उलट वाकवू गेले की अडतो. कारखान्यांत या बाजूंना ‘लूज साइड’ आणि ‘टाइट साइड’ म्हणतात.

चिरा पूर्णपणे टाळणे कठीण असते. त्या किती खोल जाऊ द्यायच्या, हे मात्र माणसाच्या हातात आहे. पात्यासमोरची दाबपट्टी लाकूड नेमके दाबून धरते. दाब कमी पडला तर चिरा खोल जातात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, जास्त झाला तर तंतू चिरडतात. घट्ट लाकूड आधी गरम पाण्यात किंवा वाफेत ठेवले तर ते मऊ होऊन सफाईने सुटते, पण उष्णता प्रमाणाबाहेर गेली की पृष्ठभागावर लव उठते. पात्याला एक खाच पडली, तर तिची रेघ पापुद्र्यावर शेवटपर्यंत उमटत राहते.

वाळवण्यातही अशीच कसरत असते. ओलावा राहिला तर शंभर अंशांवरच्या गरम प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि थरांमध्ये फोड येतात. फार तापवून वाळवले तर लाकडातली राळेसारखी द्रव्ये पृष्ठभागावर येतात आणि गोंद नीट मुरत नाही. खरबरीत थराला गोंदही जास्त लागतो, तरी पकड कमीच.

शोभेच्या विनियरमध्ये दोष लपवायला जागाच नसते. पुस्तक उघडल्यासारखी जोडनक्षी हवी असेल, तर एकाआड एक पान उलटावे लागते आणि निम्म्या पानांची चिरांची बाजूच वर येते. पॉलिशनंतर त्या पट्ट्या वेगळ्या चमकतात आणि हवामान बदलले की रेघा उघड्या पडतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर जंगलतोडीवर निर्बंध आले आणि प्लायवूड उद्योग शेतातल्या लाकडाकडे वळला. हरियाणातल्या यमुनानगरला पोपलर आणि निलगिरी सोलणाऱ्या लहान कारखान्यांचे मोठे जाळे आहे. तिथे विनियर उघड्यावर उन्हातही वाळवतात. शेतकऱ्याला झाडाचे पैसे मिळाले, जंगलावरचा भार हलका झाला, ही मोठी कमाई आहे. पण कोवळे, झपाट्याने वाढलेले लाकूड सोलायला अधिक नाजूक असते. त्याला पात्याची धार आणि दाब जास्त काटेकोर लागतो.

म्हणूनच तयार बोर्डाच्या तपासणीवर थांबणे अपुरे आहे. आयएस 303 किंवा आयएस 710 या प्लायवूडच्या मानकांचा शिक्का बोर्डाला मिळतो, तर त्याचा कस सोलण्याच्या शेडमध्ये ठरतो. प्लायवूड कारखान्यांनी विनियर विकत घेताना जाडीतला फरक, ओलावा आणि चिरांची खोली नोंदवून घ्यायलाच हवी. भारतीय मानक ब्युरोनेही ती नोंद मागावी.

लहान कारखानदार खर्चाकडे बोट दाखवतील आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. बॉयलर आणि ड्रायर सगळ्यांना परवडत नाहीत. पण पात्याला वेळेवर धार लावणे आणि ओलावामापक बाळगणे अवघड नाही. उरलेल्यासाठी सामाईक सुविधा केंद्राचा मार्ग आहे. लघुउद्योग समूहांच्या अशा केंद्रांना केंद्र सरकारचे अनुदान मिळते. ते पैसे ओंडके उकळण्याच्या टाक्या, ड्रायर आणि धार लावण्याची यंत्रे यांसाठी वापरावेत. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकानेही जाडी आणि दर विचारून झाल्यावर आतला विनियर कुठे सोलला, कसा वाळवला, हे विचारायला सुरुवात करावी.