कुंडली कोणाची?

विद्यार्थी विद्यापीठात तरेल की बुडेल, हे आधीच सांगणारे एक शास्त्र हल्ली आफ्रिकेत फार जोरात आहे. शालान्त परीक्षेचे गुण, आईबापांचे शिक्षण, घरचे उत्पन्न, इंग्रजीची तयारी असे ग्रह मांडायचे आणि फळ वर्तवायचे. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. गणिताशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते कुंडली कोणाची मांडायची याविषयी.

दक्षिण आफ्रिकेचेच पाहा. तेथील उच्च शिक्षण परिषदेने २०१३ साली हिशेब दिला : वर्गात बसून शिकणाऱ्यांपैकी सुमारे चौघांतला एकच ठरल्या मुदतीत पदवी घेतो, आणि एकूण प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक कधीच घेणार नाहीत, असा तिचा अंदाज. निम्मी पलटण गारद झाली, तर आपण शिपायांच्या पत्रिका पाहतो की सेनापतीला जाब विचारतो?

शाळेतल्या गुणांवरून भाकीत करता येतेच, असे कोणी म्हणेल. येते, पण कशाचे? १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांसाठी मुद्दाम हलके शिक्षण आखले. १९५९ साली गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारेही मंत्र्याच्या परवानगीवाचून त्यांना बंद झाली. कायदे गेले, पण त्या शाळा राहिल्या. झुलू किंवा खोसा बोलणारे पोर तीन इयत्ता घरच्या भाषेत शिकायचे आणि चौथीत त्याच्यापुढे एकाएकी इंग्रजीतले गणित उभे राहायचे. अशा पोराला पुढे जे गुण पडतात, त्यांतले त्याचे किती आणि शाळेचे किती? केपटाउन विद्यापीठातील काही मंडळींनी ही गोम १९८०च्या दशकातच ओळखली होती. त्यांनी वेगळी प्रवेशपरीक्षा काढली. मुलाला आज काय येते एवढेच न पाहता, तिथल्या तिथे समजावून दिले तर तो किती उचलतो, हे ती पाही. ही परीक्षा मला पटते.

आणि घरचे उत्पन्न? तो ग्रह तर अढळ मानला होता. २०१५ साली शुल्कवाढीविरुद्ध पोरे रस्त्यावर आली, आणि २०१७च्या डिसेंबरात सरकारला वार्षिक साडेतीन लाख रँडपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी मोफत उच्च शिक्षण जाहीर करावे लागले. हलला की नाही ग्रह?

पहिल्या वर्षाच्या वर्गात मीही आठवडाभरात मनाशी यादी करीत असे : हा तरेल, हा बुडेल. यादी बहुधा खरी ठरे आणि मला तिचा मोठा अभिमान होता. बुडणाऱ्यांत टिपलेल्या एकाही मुलाला मी कधी संध्याकाळी घरी बोलावून शिकवले नव्हते.