शौचनियंत्रणाचा प्रश्न घरगुती नव्हे

पाठीचा कणा जन्मतःच नीट न मिटलेले मूल सेनगाव तालुक्यातील एखाद्या वस्तीवर जन्मले, की धावपळ होते ती पाठीवरची गाठ शिवून घेण्याची. हिंगोली, नांदेड, वेळप्रसंगी मुंबई. शस्त्रक्रिया पार पडते, कर्ज उरते, मूल घरी येते. 'स्पायना बायफिडा' या विकाराचा सर्वांत चिवट भाग त्यानंतर सुरू होतो. परंतु त्याविषयी दवाखान्यात फारसे बोलले जात नाही आणि घरात बोलण्याची लाज वाटते.

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग व गुदद्वार यांवर हुकमत चालविणारे मज्जातंतू कण्याच्या खालच्या टोकातून निघतात. तेच अधू असल्याने मुलाला शौचाची जाणीव होत नाही, आवरही घालता येत नाही. मळ साचून घट्ट होतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. आईवडील त्याला जुलाब समजतात. जुलाब थांबविण्याचे औषध दिले की कोठा आणखी भरतो. असे मूल वर्गात दोनदा कपडे खराब करते आणि मग शाळेत येईनासे होते. मुलगी असेल तर तिला एवढीही संधी मिळेल की नाही, शंकाच आहे.

वस्तुतः उपाय आहे. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते; ती वेळ साधून मुलाला रोज ठरल्या वेळी, पाय नीट टेकतील असे बसविणे, मळ मऊ ठेवणारा आहार व औषध, आणि तेवढ्याने न भागल्यास परिचारिकेकडून शिकून घेतलेला एनिमा किंवा गुदद्वारातून पाण्याने आतडे धुणे. (साहित्य मात्र लेटेक्स रबराचे नको, या मुलांना त्याची ॲलर्जी होण्याचा धोका मोठा असतो.) अपेंडिक्सचा मार्ग करून पोटाकडून एनिमा देण्याची मॅलोन यांची शस्त्रक्रिया १९९० साली प्रसिद्ध झाली, पण ती पुढची पायरी. नियमाने केलेल्या साध्या उपायांनीही अनेक मुलांचा उरलेला दिवस स्वच्छ जातो.

परंतु नियम पाळायला सवड लागते. पहाटे खुरपणीला जाणाऱ्या मजूर आईने तो अर्धा तास कोठून आणावा? शौचालय बांधून मिळाले तरी त्यातील भांडे उकिडवे बसणाऱ्यासाठी असते. पायांत बळ नसलेल्या मुलाने तेथे कसे बसावे? आणि उन्हाळ्यात पाणी? कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाला समाजपरिवर्तनाचे साधन मानले. आपण मात्र बांधलेल्या शौचालयांचे आकडे मोजून समाधान मानतो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत हा जन्मदोष आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे २५ वे कलम ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेत, घराजवळ मोफत उपचार द्यावयास सांगते. तेव्हा सेनगावच्या कार्यकर्त्यांनी पंचायत समितीसमोर मागावे ते एवढेच: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हे शिकविणारी एक परिचारिका, अशा प्रत्येक घरी कमोडची खुर्ची, आणि शाळेत पाणी व आतून कडी असलेली एक खोली.