एक कळ

रिमोटला मराठीत ‘दूरनियंत्रक’ म्हणावे असा आमचा एक जुना आग्रह होता. परंतु पांडेसऱ्यातील आमच्या घरात ‘दूरनियंत्रक कोठे ठेवला?’ असे आजवर कोणी विचारलेले नाही, खुद्द आम्हीही नाही. तेव्हा रिमोटच म्हणू.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींच्या उजव्या अंगावरून वारे गेले. वाचा पुष्कळशी परत आली. डावा अंगठा चालतो. खानदेशातून सुरतेस येऊन त्यांना पन्नासांहून अधिक वर्षे लोटली. गुजराती उत्तम समजते, पण संध्याकाळच्या बातम्या सह्याद्री वाहिनीवरच ऐकावयाच्या हा त्यांचा नेम. घरात कोणी नसले की तो मोडे. टीव्हीचा रिमोट निराळा, सेट-टॉप बॉक्सचा निराळा, त्यावर पुन्हा तीन आकडी क्रमांक! त्यांनी तक्रार केली नाही. एके दिवशी आम्ही शाळेतून परतलो तेव्हा दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन, बंद पडद्यासमोर त्या अंधारात बसल्या होत्या, एवढेच.

आम्ही बाजारातून सर्व यंत्रांना चालतो म्हणतात तसा रिमोट आणला. टीव्ही जागा झाला, बॉक्स ढिम्म. अशा रिमोटच्या पोटात ठरावीक यंत्रांच्या खुणांची यादी असते. यादीत नाव नाही, त्याला प्रवेश नाही.

दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी परदेशाहून आला. त्याने ‘वन फॉर ऑल’ जातीचा एक रिमोट आणला व सेल काढून आतली सहा छिद्रे दाखविली. आतील पाटीवर या जागेस ‘जेपी-१’ असे नाव असते. तेथे एक केबल जोडावयाची, दुसरे टोक संगणकास. मग रिमोटची स्मृती संगणकावर उतरवून घेता येते, बदलून पुन्हा आत भरता येते. त्याने प्रथम मूळ स्मृतीची नक्कल जपून ठेवली. हा मुलगा शाळेत वह्या हरवीत असे, हे आम्हास आठवले.

रिमोट बोलतो तो अवरक्त प्रकाशाने. तो डोळ्यांस दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास टोकाचा दिवा बहुधा जांभळट लुकलुकताना दिसतो. वाचकांनी अवश्य पाहावे. एका प्रचलित पद्धतीत हा प्रकाश सेकंदास सुमारे ३८,००० वेळा स्पंदतो. आरंभी ९ सहस्रांश सेकंदांची हाक, मग साडेचार सहस्रांशांचे मौन, मग शून्य व एक यांच्या ३२ खुणा. त्यांत आठ खुणांत यंत्राचा क्रमांक, आठांत कळीचा; आणि प्रत्येकामागून त्याचीच उलटी प्रत. दोन्ही जुळल्या नाहीत तर टीव्ही हलत नाही. आम्ही मुलांना गणिताचा ताळा करावयास सांगतो, तो या यंत्रास न सांगता येतो!

ही कल्पना नवी नाही. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९८७ साली ‘कोअर’ नावाचा रिमोट बाजारात आणला, तोही संगणकास जोडता येत असे.

बॉक्सच्या खुणा त्याच्या मूळ रिमोटवरून शिकवून घेतल्या. मग एकाच कळीवर सारा क्रम बसविला: टीव्ही चालू, तो जागा होईपर्यंत थोडी विश्रांती, मग वाहिनीचे तीन आकडे. बॉक्स चालूच ठेवावयाचा. मातोश्रींनी कळ दाबली, बातम्या लागल्या. आम्ही टाळ्या वाजविल्या. अंगठा थरथरतो; तो पुन्हा पडला आणि पडदा काळा झाला. नेहमीची कळ चालू व बंद दोन्हींची असते, तीच येथे बसली होती. त्या काही बोलल्या नाहीत. रिमोट बाजूस ठेवून दिला.

विद्यार्थी रात्री दोनपर्यंत बसला. काही टीव्हींना ‘फक्त चालू हो’ अशी स्वतंत्र आज्ञा कळते, जरी मूळ रिमोटवर तिची कळ नसली तरी. आठ खुणांत २५६ क्रमांक बसतात. मूळ रिमोटवर कळा असतात त्यांहून कितीतरी कमी. तो उरलेले क्रमांक एकेक करून पाठवू लागला. एकदा दुरुस्तीवाल्यांची गुप्त यादी पडद्यावर आली, तेव्हा काहीही न बदलता तो बाहेर पडला. असा खटाटोप करणाऱ्यांनी तेथे बोटही लावू नये. अखेर एका क्रमांकास टीव्ही जागा झाला, आणि तोच पुन्हा धाडला तरी जागाच राहिला.

केबल काढली, सेल भरले. त्या एका कळीवर आमच्या सौभाग्यवतींनी लाल टिकली चिकटविली, बाकीच्या कळांवर पुठ्ठा बांधला.

परवा आम्ही सात वाजून गेल्यावर घरी पोहोचलो. बातम्या चालू होत्या. टिकलीची कडा उचकटली होती आणि मातोश्री घरच्या अहिराणीत विचारीत होत्या, “मन्हं बटन कोठे शे?” रिमोट त्यांच्याच पदराखाली होता.