प्लास्टिक म्हणजे काय?



संपूर्ण कृत्रिम प्लास्टिक प्रथम अमेरिकेतच, १९०७ साली, लिओ बेकलँड यांनी सिद्ध केले. त्याच देशाने २०१५ साली कायदा करून टूथपेस्ट व धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांतील सूक्ष्म प्लास्टिककणांस मनाई केली. अंग स्वच्छ करण्यासाठी योजलेला, पाच मिलिमीटरांहून लहान घन कण, एवढे तो कायदा सांगतो. ‘प्लास्टिक’ कशास म्हणावे, हे मात्र सांगत नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात ते सांगितले: रासायनिक फेरफार न झालेले नैसर्गिक पॉलिमर प्लास्टिक नव्हे. या कसोटीने कापूस सुटतो. नायट्रिक आम्लाचा संस्कार करून त्याच कापसापासून बनविलेले सेल्युलॉइड सुटत नाही.

शब्द मोघम राहिला की मनाईस पळवाट फुटते. जागतिक करार करणाऱ्यांनी प्रथम व्याख्या निश्चित करावी, असे आम्हांस वाटते.