सिद्धतेचा भार कोणाच्या शिरावर?

महाराष्ट्र राज्याचे माननीय राज्यपाल यांच्या सेवेसी,


महोदय, ज्या मुलखातून हे पत्र मी लिहीत आहे, त्याच मुलखातील एका मुलीसाठी पूर्वी एकदा असेच खुले पत्र लिहिले गेले होते, आणि त्यातून उठलेल्या चळवळीने पुढे देशाचा कायदा बदलला. एवढे स्मरण प्रारंभी करून दिले, तर माझे हे धाडस आपणांस अनाठायी वाटणार नाही अशी आशा आहे. मार्च 1972 मध्ये, देसाईगंज जेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते तेव्हा, तेथील पोलीस ठाण्यात जबानीसाठी आणलेल्या एका पोरक्या, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले, आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या कारणास्तव, त्यांना पुन्हा निर्दोष मुक्त केले. 16 सप्टेंबर 1979 रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून एकच मर्मभेदी प्रश्न केला: ठाण्याच्या बंद दाराआड, वर्दीधारी माणसांपुढे भयाने मूक झालेल्या मुलीचे मौन म्हणजे संमती काय?

पुनर्विचाराचा अर्ज न्यायालयाने फेटाळला. परंतु देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये फौजदारी कायदा व पुराव्याचा कायदा दुरुस्त होऊन असे ठरले, की अशा ताब्यातील शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात आपली संमती नव्हती असे सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे. त्या मुलीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण पीडितेचे नाव प्रकट करू नये हा नियमही त्याच दुरुस्तीतून आला. परंतु तिच्या प्रकरणाने जे शिकवले ते प्रत्येक वकिलाने गाठीशी बांधावे असे आहे. अन्याय अनेकदा कायद्याच्या मजकुरात नसतो; सिद्ध कोणी करायचे, या एका प्रश्नाच्या उत्तरात तो दडलेला असतो. देसाईगंजच्या मुलीवर नकार सिद्ध करण्याचा भार टाकला गेला होता. कायद्याने तो तिच्या शिरावरून उतरवला.

आज तसाच एक भार सूरजागडच्या या जंगलातील हजारो स्त्रियांच्या शिरावर आहे, आणि तो उतरवण्याचा अधिकार संविधानाने विशेषत्वाने आपल्या हाती दिला आहे, म्हणून हे पत्र.

सूरजागड हा एटापल्ली तालुक्यातील डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे. दरवर्षी जानेवारीच्या आरंभी पंचक्रोशीतली गावे यात्रेला येथे जमतात. 2007 मध्ये या डोंगरावरील सुमारे 348 हेक्टर क्षेत्राचा लोहखनिजाचा खाणपट्टा देण्यात आला, आणि 2023 मध्ये वर्षाला एक कोटी टन उत्खननाला पर्यावरणाची मंजुरी मिळाली. खाण असावी की नसावी, हा वाद मोठा आहे आणि तो या पत्राचा विषय नाही; मात्र डोंगर फुटू लागला म्हणजे भोवतीच्या भूमीला मोल येते आणि ज्याचे नाव दप्तरात त्यालाच ते मोल मिळते, ही गोष्ट या पत्राचा विषय आहे. रस्ता रुंद होतो, कारखान्याला जागा लागते, मोबदल्याच्या नोटिसा निघतात; नोटीस सातबाऱ्यावरील नावाने निघते, आणि त्या सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचितच असते. रोवणीपासून मळणीपर्यंत जी शेतात राबते, मोहफुले वेचते, तेंदूपत्त्याचे पुडे बांधते, ती त्या कागदाच्या दृष्टीने कोणीच नव्हे.

याचे मूळ 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात आहे. त्याच्या दुसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने, केंद्र सरकार अधिसूचनेने अन्यथा ठरवीपर्यंत, अनुसूचित जमाती या कायद्याबाहेर ठेवल्या. आदिवासींच्या स्वतंत्र रूढींचा मान राखावा हा त्यामागील हेतू उदात्तच होता, आणि आम्ही हिंदू नाही, आमच्यावर हिंदूंचा कायदा लादू नका, असे जे माडिया व गोंड बांधव म्हणतात त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु परिणाम असा झाला, की 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला आणि 2005 मध्ये साऱ्या देशाने तो दिला, तेव्हा एटापल्लीची मुलगी दोन्ही वेळा उंबरठ्याबाहेरच राहिली. सिंहभूमच्या हो जमातीच्या स्त्रियांसाठी मधु किश्वर यांनी नेलेल्या प्रकरणात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने, जमिनीवर ज्यांची उपजीविका आहे अशा स्त्रियांना तिच्यावर राहू देण्यापुरता दिलासा दिला, बरोबरीचा वारसा दिला नाही. डिसेंबर 2022 मध्ये, संपादित जमिनीच्या मोबदल्यात हिस्सा मागणाऱ्या एका आदिवासी कन्येला त्याच न्यायालयाने रिक्त हस्ते परत पाठवले, आणि बिगरआदिवासी मुलीला जे मिळते ते आदिवासी मुलीला नाकारण्याचे कारण नाही असे सांगून कायद्यात बदल करण्याचा विचार केंद्राने करावा, असे सुचवले. न्यायाधीशाची लेखणी विनंती करते आणि न्याय मात्र देऊ शकत नाही, हा प्रसंग वाचताना मन खिन्न होते.

आणि मग 17 जुलै 2025 चा निकाल आला. छत्तीसगडातील सरगुजा जिल्ह्यातील एका गोंड कुटुंबातल्या मुलीच्या वारसांनी 1992 मध्ये दावा लावला होता. आईच्या वाट्यासाठी तिच्या लेकरांनी तेहतीस वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या. खालच्या तिन्ही न्यायालयांनी त्यांना विचारले: मुलीला वाटा देण्याची रूढी तुमच्यात आहे हे दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्नच उलटा केला. मुलीला वाटा नाकारणारी रूढी आहे असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने ती सिद्ध करावी. ती सिद्ध होत नसेल, तर न्याय, समन्याय व सद्सद्विवेकबुद्धी यांस धरून, आणि संविधानाच्या समतेच्या कलमास धरून, मुलीला भावाइतकाच वाटा मिळाला पाहिजे. ही तत्त्वे न्यायालयाने कोठून घेतली, हे या मुलखाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे: 1875 च्या मध्यप्रांतांच्या कायद्यातून. चांदा, म्हणजे पुढचा चंद्रपूर, जिल्हा त्या मध्यप्रांतातच होता; सूरजागडचा मुलूखही चांद्याचाच. गोंडांच्या एका कुळासाठी दिलेला हा निर्णय आमच्या मुलखाला परका नाही. एकाच जुन्या छत्राखालच्या दोन भावंडांपैकी एकाला तो आधी मिळाला, इतकेच.

रूढीचे नाव जे घेतात त्यांच्यापुढे या मातीचाच इतिहास ठेवावासा वाटतो. अठराव्या शतकाच्या आरंभी चांद्याचे गोंड राज्य दत्तक पुत्राच्या नावाने राणी हिराईने चालवले. पतीची समाधी तिने बांधली, महाकालीचे मंदिरही तिचेच. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव सेडमाके यांना 1858 मध्ये ज्यांनी इंग्रजांच्या स्वाधीन केले, त्या अहेरीच्या लक्ष्मीबाई जमीनदारीणच होत्या; त्यांच्या त्या कृतीचे समर्थन कोणी करणार नाही, पण जमीनदारी बाईच्या हाती असू शकते याविषयी त्या काळी कोणास शंका आली नाही. गोंडांत लमसेना म्हणून सासऱ्याच्या घरी राबून मुलीसह तेथेच राहणाऱ्या जावयाची प्रथा आहे. म्हणजे मुलीच्या अंगाने शेत पुढे चालू शकते हे रूढीलाही ठाऊक होते. मुलगी लग्नाने दुसऱ्या देवाच्या कुळात जाते, जमीन त्या कुळात जाईल, ही भीती मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती क्षुद्र नाही. परंतु तिचे उत्तर वाटणीच्या पद्धतीत शोधता येते, मुलीचे नावच न लिहिण्यात नव्हे.

आता दप्तराकडे वळतो. वारस नोंदीसाठी एका विधवेबरोबर मी काही वर्षांपूर्वी एका तलाठी साजाच्या कचेरीत गेलो होतो. अर्जात तिच्या दोन मुलींचीही नावे होती. कारकुनाने अर्ज वाचला आणि न रागावता, अगदी सहज, विचारले, "पोरगा आहे ना घरी? मग पोरींची नावे कशाला घालता?" त्या माऊलीने माझ्याकडे पाहिले, मी कलमे सांगितली, तो म्हणाला, "साहेब, तुमच्यात ती रूढी आहे असा कागद आणा." त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यापुढे दुसरे काही लिखित नव्हते. फेरफार मुलाच्या नावे मंजूर झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 157 व्या कलमान्वये अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे एकदा नाव गळले की गळलेले नाव हेच सत्य ठरते, आणि ते खोटे आहे हे त्या दोन मुलींनी आयुष्यभर सिद्ध करीत बसावे. सरगुजाच्या मुलीला दिल्लीत जो न्याय मिळाला तो साजाच्या वहीपर्यंत उतरलेला नाही, आणि आपोआप तो कधीही उतरणार नाही.

याच गावांत याच्या उलट दृश्यही दिसते. 2006 च्या वनहक्क कायद्याने विवाहितांचा वनपट्टा पती व पत्नी या दोघांच्या नावे देणे बंधनकारक केले, आणि ग्रामसभेच्या गणसंख्येत एकतृतीयांश तरी स्त्रिया असाव्यात असे त्याचे नियम सांगतात. त्यामुळे एकाच बांधाच्या अलीकडे जी बाई मालकीण आहे, तीच पलीकडे, सासऱ्याच्या जुन्या शेतात, कोणी नाही. 2006 चा कायदा या जंगलात अंमलात आला, दोघांच्या नावांचे पट्टे भिंतीवर टांगले गेले, आणि त्यामुळे कोणा गोंडाची रूढी बुडाली असे मी ऐकले नाही.

महोदय, पाचव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदाने आपणांस जो अधिकार दिला आहे तो देशातील फार थोड्या पदांना आहे. संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू न करण्याचा, किंवा फेरबदलांसह लागू करण्याचा हुकूम आपण काढू शकता. जनजाती सल्लागार परिषदेचा सल्ला घेऊन आणि राष्ट्रपतींच्या अनुमतीने या क्षेत्रासाठी स्वतंत्र विनियम करू शकता. हा अधिकार शोभेचा नाही: 2020 मध्ये आपल्याच पदाने वनहक्क कायद्यात फेरबदल करून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर अपिलाची वाट मोकळी केली होती.

तोच अधिकार आता या मुलींसाठी वापरला जावा. हिंदू वारसा कायदा येथे आणा अशी माझी मागणी नाही. तो आदिवासींना लावता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा बजावले आहे. मागणी एवढीच, की अनुसूचित क्षेत्रातील महसूल दप्तरात वारस नोंद करताना मुलगे, मुली व विधवा या सर्वांची नावे लागावीत; आणि मुलीला वगळणारी रूढी आहे असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने सक्षम न्यायालयात ती सिद्ध करून आणल्यावरच नाव कमी व्हावे. विनियमाला वेळ लागेल हे जाणतो. तोवर महसूल खात्याच्या एका परिपत्रकाने, ज्यात 17 जुलै 2025 च्या निकालाचा सारांश सोप्या मराठीत असेल, पुष्कळसे काम होईल. अनुसूचित क्षेत्रांविषयी आपण राष्ट्रपतींना जो अहवाल पाठवता, त्यात वारस नोंदीत किती मुलींची नावे लागली हा आकडा यावा. आकडा मागितला की खालची कचेरी मोजू लागते.

आणि मसुदा मंत्रालयात ठरण्यापूर्वी तो एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या तालुक्यांतील ग्रामसभांपुढे जावा. तेथे तो माडिया व गोंडी भाषांत वाचून दाखवला जावा, आणि सभेत एकतृतीयांश स्त्रिया आल्याखेरीज वाचन सुरू करू नये, अशी विनंती करून हे पत्र आपल्या हाती देतो.

आपला नम्र,
सूरजागडच्या मुलखातील एक वकील